तार, बिनतारी आणि आभासी जग

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या शास्त्रीय विषयावर घरातील सर्वांना समजेल असे काही लिहावे, अशी सूचना चिटणीसांनी केली, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे प्रथम आमची एक विद्यार्थिनी उभी राहिली. बालाघाटास वसतिगृहात राहून शिकणारी ही मुलगी २०२० सालच्या टाळेबंदीत बैहरच्या पठारावरील आपल्या गावी गेली होती. शाळा बंद होत्या. आम्ही मोबाईलवर धडे पाठवावे, मुलांनी ते वहीत सोडवावे आणि पानाचे छायाचित्र काढून परत पाठवावे, असा क्रम ठरला होता. या मुलीची उत्तरे कधी दोन दिवसांनी येत, कधी मुळीच येत नसत. आम्ही तिच्या नावापुढे ‘अभ्यासाकडे दुर्लक्ष’ असा शेरा लिहिला, आणि शाळा उघडल्यावर चार मुलींदेखत तिला बोललोही. ती खाली मान घालून उभी राहिली.

पुढे तिच्या वडिलांकडून खरी हकीकत कळली. त्यांच्या घरात फोन लागत नसे. वडील संध्याकाळी कामावरून परतले म्हणजे त्यांचा फोन घेऊन ही मुलगी गावामागच्या टेकडीवर चढे, आणि तेथे उभी राहून आमचे धडे उतरवून घेई. पाऊस असला म्हणजे तेही जमत नसे. डोंगराआड बिनतारी लहर का पोहोचत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवीत आलो आहोत. आमच्याच विद्यार्थिनीचे घर त्या डोंगराआड असू शकेल, हे मात्र आम्हांस सुचले नाही.

म्हणून हा विषय घेतला आहे. ही यंत्रे कशी चालतात हे ठाऊक नसले, किंवा ठाऊक असून ध्यानात घेतले नाही, तर दोष भलत्याच्याच माथी जातो. प्रास्ताविक एवढे पुरे. आता मूळ विषयाकडे वळू.

अक्षरांचे आकडे

संगणकाला अक्षर कळत नाही, चित्र कळत नाही, आवाजही कळत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात : वीज आहे किंवा नाही. यांनाच आपण एक आणि शून्य म्हणतो. मग आपले मराठी पत्र त्याला कळते कसे? प्रत्येक अक्षराला एक क्रमांक नेमून दिलेला आहे, आणि तो जगभर सर्वांनी मान्य केला आहे. आपल्या ‘अ’चा क्रमांक २३०९. हाच आकडा केवळ एक आणि शून्य यांत लिहिला म्हणजे १००१०००००१०१ असा होतो. पूर्वी तारमास्तर टिंब आणि रेघ यांच्या भाषेत संदेश धाडीत, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती समजावी. चित्राचेही तसेच. चित्राचे लक्षावधी बारीक ठिपके करून प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला आकडा देतात. आवाज असेल तर त्याची सेकंदाला हजारो वेळा मोजणी करून आकडे लिहितात. एकदा सर्वांचे आकडे झाले, की पत्र, फोटो, गाणे आणि सिनेमा यांत यंत्राच्या दृष्टीने भेद उरत नाही.

वऱ्हाड निघाले

आता हे आकडे एका संगणकाकडून दुसऱ्याकडे न्यायचे कसे? यासाठी आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. समजा, बालाघाटाहून दोनशे माणसांचे वऱ्हाड नागपुरास निघाले आहे. सगळ्यांना एकाच गाडीत जागा मिळत नाही. काही मंडळी रेल्वेने गोंदियावरून निघाली, काही वारासिवनी-कटंगीच्या रस्त्याने, काही मिळेल त्या मोटारीने. प्रत्येकाच्या हाती एकेक चिठ्ठी आहे. तिच्यावर कोठून निघालो, कोठे जायचे आणि वऱ्हाडात आपला क्रमांक कितवा, हे लिहिले आहे. कोणी आधी पोहोचेल, कोणी मागून. मांडवाच्या दारात वधूपक्षाचा माणूस यादी घेऊन बसला आहे. तो सर्वांना क्रमांकाप्रमाणे बसवितो, आणि एखादा क्रमांक आला नाही तर उलट निरोप धाडतो.

संगणकांचे जाळे नेमके असेच चालते. संदेशाचे लहान लहान तुकडे करतात. त्यांना ‘पॅकेट’ म्हणजे पाकीट असे नाव आहे. साधारण चालीत एका पाकिटात दीड हजार बाइट मावतात, आणि एक बाइट म्हणजे आठ शून्य-एकांचा गट. मोबाईलवर काढलेला तीस लाख बाइटांचा फोटो पाठविला, तर त्याची दोन हजार पाकिटे होतात. वाटेत जागोजागी ‘राउटर’ नावाची यंत्रे असतात. त्यांना वाटाड्या म्हणावे. आपल्या जंक्शनावरचा सांधेवाला जसा गाडी गोंदियाकडे की नैनपूरकडे हे पाहून रूळ फिरवितो, तसा हा वाटाड्या पाकिटावरचा पत्ता पाहून त्याला पुढच्या वाटेस लावतो. पूर्ण प्रवासाचा नकाशा त्याच्याजवळ नसतो. पुढचा मुक्काम कोणता, एवढेच तो जाणतो. एक वाट बंद पडली, तर पाकिटे दुसऱ्या वाटेने जातात. या पद्धतीचा मोठा गुण तो हाच.

ही कल्पना १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस या दोघांनी स्वतंत्रपणे मांडली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेकडे अशा जाळ्यावरून पहिला संदेश निघाला. पाच अक्षरांचा ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. मुलांनी पहिल्या प्रयत्नात हात टेकले, म्हणजे आम्ही त्यांना ही गोष्ट सांगतो.

मात्र निरनिराळ्या देशांची, निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे एकमेकांशी बोलायची, तर सर्वांनी सारखे नियम पाळले पाहिजेत. असे नियम व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडले, आणि १ जानेवारी १९८३ पासून ते त्या अमेरिकन जाळ्यावर लागू झाले. आजचे इंटरनेट त्यांच्यावरच उभे आहे. आपल्या देशात १९८६ साली ‘अर्नेट’ या योजनेने शिक्षणसंस्थांचे जाळे विणण्यास आरंभ झाला, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले झाले.

पोचपावती आणि पडताळा

आमच्या लहानपणी ईदच्या आदल्या संध्याकाळी आकाशात ढग असले, म्हणजे मोहल्ल्यातील वडीलधारी मंडळी नागपूरच्या फोनाची वाट पाहत बसत. ट्रंक कॉल लागे, परंतु त्यात खरखर फार. एके वर्षी ‘चंद्र दिसला नाही’ यातील ‘नाही’ खरखरीत बुडाला. घरोघर शिरखुर्म्याचे दूध आटू लागले, आणि तासाभराने दुसरा फोन आला तेव्हा रोजा अजून एक बाकी असल्याचे कळले. एक शब्द गळाल्याने अर्थ उलटा होतो, तो असा.

हे टाळण्यासाठी प्रत्येक पाकिटाबरोबर त्यातील आकड्यांच्या बेरजेसारखी एक खूण पाठवितात. किराणा दुकानाच्या यादीखाली आपण ‘एकूण जिनसा अकरा’ असे लिहितो ना, तसेच. पोहोचल्यावर पुन्हा बेरीज करून पाहतात. जुळली नाही, तर ते पाकीट टाकून देतात. पाकीट बिनचूक पोहोचले, तर उलट पोचपावती येते. पावती आली नाही, तर पाठविणारा तेच पाकीट पुन्हा धाडतो. रजिस्टर पत्रासारखी ही रीत झाली. फोनवरील बोलण्यात मात्र पावतीची वाट पाहण्यास सवड नसते. म्हणून तेथे साध्या कार्डाची रीत असते : गेले ते गेले. बोलता बोलता एखादा शब्द तुटतो, तो यामुळे.

येथे एक गोष्ट घरातील वडील मंडळींनी नीट ध्यानात ठेवावी. जाळे पडताळा पाहते तो पाकीट फुटले की नाही, एवढ्याचाच. पत्र लिहिणारा खरा की लबाड, हे ते पाहत नाही. बँकेचा अधिकारी म्हणवून कोणी फोनवर ओटीपीचे आकडे मागितले, तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत बिनचूक पोहोचतो, परंतु तेवढ्याने तो मनुष्य खरा ठरत नाही. ते आकडे म्हणजे तिजोरीची किल्ली होय. किल्ली कोणालाही देऊ नये.

तांबे आणि काच

ही पाकिटे वाहून नेण्यास वाट लागते. पहिली वाट तांब्याच्या तारेची. या बाबतीत आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपर लिमिटेड या सरकारी कंपनीची तांब्याची खाण आहे. १९८२ साली हा प्रकल्प उभा राहिला, आणि देशातील उघड्या तांबेखाणींत ती सर्वांत मोठी गणली गेली. आता तेथे जमिनीखालून बोगद्यांनीही खनिज काढतात. शंभर किलो दगड फोडावा, तेव्हा जेमतेम किलो-सव्वा किलो तांबे हाती लागते. त्याच कंपनीचा महाराष्ट्रात तळोजा येथे तारेसाठी लागणाऱ्या तांब्याच्या सळ्यांचा कारखाना आहे. वीज आणि संदेश वाहणाऱ्या देशातील तारांत आपल्या डोंगराचा वाटा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

संगणकाच्या तारेचे टोक उलगडून पाहिले, तर आत तांब्याच्या आठ बारीक तारा दोन-दोनच्या जोडीने एकमेकींना पीळ देऊन बसविलेल्या दिसतात. हा पीळ शोभेसाठी नाही. बाहेरच्या विजेचा त्रास दोन्ही तारांना सारखाच व्हावा, आणि पलीकडच्या यंत्राने त्या दोहोंतील फरक तेवढा मोजावा, म्हणजे त्रास आपोआप वजा होतो, अशी ती युक्ती आहे. तरीही अशा तारेतून नेहमीच्या रीतीने शंभर मीटरपर्यंतच भरवसा धरतात. पुढे संदेश क्षीण होतो.

म्हणून लांबच्या मजलीला काचेचा तंतू वापरतात. केसाएवढ्या बारीक काचतंतूत एका टोकाने प्रकाश सोडला, की तो आतल्या आत परावर्तन पावत दुसऱ्या टोकास निघतो. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश दूरवर नेता येईल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली दाखविले, आणि त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. आखातात नोकरी करणाऱ्या मुलाशी आई मोबाईलवर बोलते, तेव्हा तिला वाटते की आवाज आकाशातून जात आहे. वास्तविक तो बहुतेक वाट जमिनीतून आणि मुंबईपुढे समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचतंतूतून जातो. मुंबईहून समुद्राखालून परदेशी तार गेली ती १८७० साली. तीच वाट, फक्त तांब्याच्या जागी काच आली.

बिनतारी म्हणजे काय?

तर मग बिनतारी कशास म्हणावे? आपल्या हातातील फोनपासून टॉवरापर्यंतची मजल तेवढी बिनतारी असते. टॉवराच्या पुढे बहुधा काचतंतूच असतो. तो नसेल, तेथे टॉवर ते टॉवर लहरीची एखादी मजल घेऊन अखेरीस तंतू गाठावाच लागतो. घरातील वाय-फायचेही तसेच. डबीपासून फोनापर्यंत लहर, डबीमागे तार.

ही लहर म्हणजे प्रकाशाचीच बहीण, मात्र डोळ्यांना न दिसणारी. अशा लहरी असाव्यात हे मॅक्सवेलने १८६५ साली गणिताने सांगितले, आणि पुढे वीस-बावीस वर्षांनी हर्ट्झने त्या प्रयोगशाळेत निर्माण केल्या. आपल्या जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्यात भिंतीपलीकडे लहर पाठवून घंटा वाजविली. त्यांच्या लहरी काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. आजच्या नव्या मोबाईल-पद्धतीत अतिवेगवान संदेशांसाठी तशाच आखूड लहरी वापरात येत आहेत.

लहरीची लांबी हीच सर्व प्रकरणाची गुरुकिल्ली आहे. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली. तिच्या मध्यम लहरी काही शे मीटर लांब. एवढी लांब लहर जमिनीच्या अंगाने वळत जाते, आणि लहानसहान डोंगर तिला अडवू शकत नाही. म्हणून दीडशे किलोमीटरांहून दूर असलेल्या बैहरच्या पठारावरही जुन्या रेडिओवर नागपूर ऐकू येई. वाय-फायच्या एका प्रकारची लहर मात्र साडेबारा सेंटिमीटरांची. मोबाईलच्या लहरीही अशाच, वीत-दीड वितीच्या आतबाहेर. आखूड लहर प्रकाशासारखी सरळ जाते, डोंगरामागे तिची सावली पडते, आणि सालवनाची ओली पाने तिला शोषून घेतात. मग आखूड लहर घेतातच कशाला? कारण तिच्यावर कितीतरी अधिक आकडे लादता येतात. लांब लहरीवर बोलणे-गाणे चालते, चित्रे चालत नाहीत. दूर जावे की पुष्कळ न्यावे, असा हा सौदा आहे.

आता टेकडीवर चढणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीचे गणित सुटते. घर सावलीत होते, टेकडीचा माथा टॉवराच्या दृष्टीत होता. तिची चूक तिळमात्र नव्हती. नागपूरचा रेडिओ तिच्या घरात बोलत असेलही, परंतु तिच्या वहीच्या पानाचा फोटो त्या लहरीवर परत येण्याजोगा नव्हता.

नसलेले असल्यासारखे

आता राहिले आभासी जग. डोळ्यांवर चष्म्यासारखी पेटी बांधून मुले हवेत हात हलविताना आपण दूरचित्रवाणीवर पाहिली असतील. यात जादू नाही. आपले दोन डोळे सुमारे सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतरावर आहेत. म्हणून प्रत्येकाला किंचित निराळे चित्र दिसते, आणि त्या दोहोंवरून मेंदू खोली जाणतो. उजव्या-डाव्या डोळ्यास दोन निराळी चित्रे दाखविली, तर सपाट चित्रास खोली येते, हे व्हीटस्टनने १८३८ सालीच दाखविले. चित्राला जिवंत करण्याची हौस आपल्याकडेही जुनी. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर हलती करून दाखविण्याचा ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ १८९२ साली सुरू केला होता.

नवी गोष्ट एवढीच, की मान वळविली म्हणजे चित्रही वळते. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी असे पहिले शिरोयंत्र केले. ते इतके जड होते की छतास टांगावे लागे. आजच्या पेटीत मानेची हालचाल मोजणारे सूक्ष्म यंत्र असते, आणि ते सांगेल त्याप्रमाणे संगणक नवे चित्र काढतो. हे काम सुमारे वीस सहस्रांश सेकंदात व्हावे लागते. उशीर झाला तर डोळा सांगतो एक, आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते दुसरे. मग घाटातल्या बसप्रमाणे मळमळू लागते. ज्यात सभोवारचे सर्व जग झाकून नवे दाखवितात ते आभासी जग. ज्यात खरे जग दिसत राहते आणि त्यावर एखादी आकृती किंवा सूचना उमटते, तो त्याचा धाकटा भाऊ.

येथे तार, बिनतारी आणि आभास हे तिन्ही विषय एकत्र येतात. वीस सहस्रांश सेकंदात काचतंतूतून प्रकाश चार हजार किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दोन हजार. त्यातील बहुतेक वेळ यंत्रे स्वतःच खातात. म्हणून चित्र काढणारा संगणक फार दूर असून चालत नाही. तो पेटीतच असावा, किंवा जवळच्या गावी. चांगली तार गावात नसेल, तर तेथे दूरच्या संगणकावर चालणारे आभासी जग नुसते मळमळीचे साधन होईल.

हे केवळ खेळणे आहे काय? तसे नाही. विमान चालविण्याचे शिक्षण खोट्या विमानात देण्याची रीत जुनी आहे. एडविन लिंक यांनी १९२९ सालीच असे यंत्र बनविले. आपल्या शेजारी गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर वैमानिकांना शिक्षण दिले जाते, आणि त्यांची लहान विमाने आपण आकाशात पाहतो. १८ मार्च २०२३ रोजी तेथून निघालेले एक प्रशिक्षण विमान आपल्याच जिल्ह्यात लांजी-किरनापूर भागातील डोंगराळ जंगलात कोसळले, आणि शिक्षक व प्रशिक्षणार्थी दोघेही दगावले. तो अपघात कशाने टळला असता, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु आकाशात एकदाही करू नये अशी चूक जमिनीवर दहादा करून पाहता यावी, हा अशा यंत्रांचा हेतू आहे, आणि तो थोर आहे. भरवेलीच्या मँगनीज खाणीत किंवा मलाजखंडच्या बोगद्यांत उतरणाऱ्या कुटुंबांना हे अधिक सांगावयास नको. आग लागली असता बाहेर कसे पडावे, याचा आभासी सराव आज अनेक देशांतील खाणकामगारांना देतात.

अर्थात औषधाला मात्रा असते. लहान मुलांसाठी ही पेटी बनविणारेच वयाची मर्यादा घालतात. ती पाळावी. आणि वापरताना अवतीभोवती जिना, चूल, काच नसावी, कारण पेटीतील मुलाला खरे घर दिसत नाही.

आपण काय करावे?

खेड्यातील ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतू नेण्याची सरकारी योजना २०११ साली मंजूर झाली, आणि पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने चालली. पंचायतीच्या दारापर्यंत आलेला तंतू विद्यार्थ्याच्या वहीपर्यंत पोहोचविण्याची शेवटची मजल मात्र गावानेच चालायची असते. आमची न्यासाला नम्र सूचना आहे, की महोत्सवाच्या निमित्ताने शिष्यवृत्तीइतकेच महत्त्व या शेवटच्या मजलीला द्यावे. वाचनालयात एक पक्की तारेची जोडणी, दोन टेबले आणि रात्री आठपर्यंत उघडे दार असावे. ज्या गावांतून आपले विद्यार्थी येतात, तेथे पंचायतीच्या खोलीत तासभर बसण्याची परवानगी मागून घ्यावी. भारी यंत्रांची घाई नाही.

आणि पालकांना विनंती अशी, की मूल धडा पाठवीत नसेल तर रागावण्यापूर्वी फोन हातात घेऊन घराच्या चारी कोपऱ्यांत फिरून पाहावे. शिक्षकांना विनंती करण्याचा अधिकार आम्ही गमावला आहे, म्हणून स्वतःपुरतेच सांगतो. त्या वर्षीची शेऱ्यांची वही आमच्यापाशी अजून आहे. ‘अभ्यासाकडे दुर्लक्ष’ हे शब्द खोडून त्याखाली आम्ही ‘घर टॉवराच्या सावलीत’ असे लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चार मुलींदेखत तिला ते वाचून दाखविले.